माझ्या मयतीची घोडी आणि दुसरी गिटार

मी, उमसुनाय मुकाशेवा, दिवंगत तुरदुबेक मुकाशेव यांची पत्नी, वय सहासष्ट, धंदा नमद्याचे, म्हणजे थापलेल्या लोकरीचे, गालिचे शिवणे, राहणार कोचकोर, हे मृत्युपत्र माझ्या घरात, माझ्या हाताने, सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. दिसायला चष्मा लागतो, ऐकायला काही लागत नाही. मला कुणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. मी आजारीही नाही. खरे सांगायचे तर इतकी बरी मी पुष्कळ वर्षांत नव्हते.

मग आत्ताच मृत्युपत्र कशाला, असे वाचणारा विचारील. महिन्यापूर्वी मी माझ्या मयतीसाठी ठेवलेली घोडी विकली आणि त्या पैशांतून विजेवर वाजणारी गिटार घेतली. आमच्याकडे म्हातारीच्या मयतीला घोडे कापले नाही, तर बोल तिच्या सुनेला लागतो. म्हातारी सुटते, सून अडकते. तसे होऊ नये म्हणून हा कागद.

कलम १. राहते घर, मागची जर्दाळूची झाडे आणि तबेला माझा मुलगा मेलिस आणि सून जिपार या दोघांच्या नावे. दोघांच्या, हे मी मुद्दाम लिहीत आहे. घराला चुना जिपारने लावला आहे, मेलिसने फक्त शिडी धरली.

कलम २. नमदा कापायच्या दोन कात्र्या, सुया, दाभण आणि खडूची पेटी जिपारला. शिवायला मी तिला शिकवले, पण रंग तिचे माझ्यापेक्षा चांगले जमतात. हे तोंडावर कधी म्हणाले नाही, म्हणून इथे म्हणते. चाळीस वर्षे सुई धरून माझ्या उजव्या हाताला घट्टे पडले. गिटारला घट्टे लागतात ते डाव्या हाताला. म्हणजे इतकी वर्षे तयारी चालली होती, पण चुकीच्या हाताची.

कलम ३. पुस्तके एकशे बारा, बहुतेक जुन्या ग्रंथालयाने पोत्यात भरून बाहेर ठेवलेली. शाळा माझी आठवीला सुटली, पुढचे शिक्षण त्या पोत्यांत झाले. ज्याला हवे त्याने घ्यावे. फक्त ‘गिटार शिका’ हे रशियन पुस्तक सांस्कृतिक भवनातल्या बेगायमला द्यावे. ती मला दर बुधवारी शिकवते. पुस्तकाच्या कडेला मी शब्दांचे अर्थ लिहिले आहेत. पहिल्या वर्षी आठवड्याला दोन पाने होत असत.

कलम ४. घोडी. साठीला मेलिसने मला करड्या रंगाची घोडी दिली. दूध देईल असे सगळे तोंडाने म्हणाले, आणि ती कशासाठी आहे हे सगळ्यांना माहीत होते. सहा वर्षे मी तिला चारा घातला. ती माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे, आधी कोण जाणार म्हणून. घोडी स्वभावाने गरीब होती. मी तिला कापणाऱ्याला विकली नाही, सोनकुलच्या कुरणांना जाणाऱ्या गुराख्याला विकली. आता ती गवतात आहे.

चौथ्या दिवशी माझे थोरले दीर आले. त्यांचे नाव अब्दिलास मुकाशेव. सेहेचाळीस वर्षांत सासरच्या रीतीप्रमाणे हे नाव मी उच्चारलेले नाही. कागदाला भाऊजी चालत नाही म्हणून लिहिते, उच्चारत तरीही नाही. त्यांनी रिकामा खुंटा पाहिला.

“वहिनी, घोडी कुठाय?”

“विकली.”

“विकली? अहो, ती तुमच्यासाठी होती!”

“माझी होती म्हणूनच विकता आली.”

“तसं नव्हे. तुमच्या मयतीला होती.”

“भाऊजी, मी काही उठून खाणार नव्हते.”

ते घोड्यावरून उतरले. जिपारने आणलेला चहा घेतला नाही. आतून गिटारचा आवाज काढून दाखवू का, असे मी विचारले, तेही नको म्हणाले.

“आणि लोकांना काय वाढणार? तारा?”

“सहाच आहेत. पुरायच्या नाहीत.”

“हसण्यावारी नेऊ नका. मी थोरला आहे. मेलिस कर्ज काढील आणि घोडा आणील. मी आणायला लावीन. नाहीतर हिला,” आणि त्यांनी बोट जिपारकडे केले, “हिला आयुष्यभर कुणी लग्नाकार्याला पुढे बसवणार नाही.”

जिपारच्या हातातली बशी वाजली. हा कागद त्या बशीसाठी आहे. भाऊजी म्हणतात ते खरे आहे, ते तसे करू शकतात. आणि त्यांची सही या कागदावर असेल, तर कोचकोरमध्ये दुसरे कुणी तोंड उघडू शकत नाही. लिहून झाला की कागद त्यांना वाचायला देणार आहे. सही करतील की नाही, हे लिहिताना मला माहीत नाही.

कलम ५. पहिली गिटार. ही माझ्या मालकांची. सामूहिक शेतीच्या क्लबात त्यांचा चारजणांचा बँड होता. क्लबने मोडीत काढली तेव्हा गिटार त्यांनी घरी आणली. दारासारखी जड आहे. एक्क्याऐंशी साली चुलतदिराच्या लग्नात ते वाजवत होते. गाण्याच्या मध्यावर मानेवरच्या वरच्या पडद्यांवर, म्हणजे तार दाबायच्या पट्ट्यांवर, एक तुकडा होता. तो प्रत्येक वेळी अडकायचा, तसा त्या दिवशीही अडकला. तार खर्र झाली. पहिल्या रांगेतून भाऊजी ओरडले, “अरे, वाजवतोयस की नांगराला धार लावतोयस?”

सगळे लग्न हसले. मीही हसले. हे मी शपथेवर लिहीत आहे.

दुसऱ्या दिवशी यांनी गिटार भिंतीला टांगली ती अडतीस वर्षे. कुणी विषय काढला की म्हणायचे, “माझ्या बोटांत नाही ते.” त्यांच्या बोटांत सगळे काही होते. पंप दुरुस्त करायचे, कोकराचे अडलेले पाय ओढून काढायचे. पण हे एकदा म्हणाले ते म्हणाले.

२०१९ साली ते गेले. वर्षभर मी काळे नेसून भिंतीकडे तोंड करून बसले, रडगाणी म्हटली, रीतीने करायचे ते सगळे केले. वर्षाचे जेवण झाल्यावर भिंत पुसायला गिटार खाली काढली. तिच्यावर तीनच तारा उरल्या होत्या. मला त्यात काही वावगे वाटले नाही. आपल्या कोमुझलाही तीनच असतात आणि त्यावर अख्खा डोंगर वाजवता येतो. कोमुझची मधली तार सगळ्यांत उंच लावतात, म्हणून इथेही मी बारीक तार मध्ये घातली. अशी सात महिने शिकले. मग बेगायम भेटली.

“आजी, बाकीच्या तीन तारा कुठायत?”

“कशाला? तीन पुरतात.”

“आणि ही बारीक तार मधे कुणी घातली?”

“मी. मधली उंचच असते.”

“कोमुझची, आजी!”

“मग ही कोण आहे? त्याचीच शहरात शिकलेली बहीण.”

पोरगी जमिनीवर बसून हसली. डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, “आता तेच परत वाजवा. मला ऐकायचंय.” शिक्षक असा असावा. त्या दिवसापासून मी तिची.

सहा तारा लावल्यावर मात्र अवघड गेले. बोटांची साल निघायची. खालच्या पडद्यांवर कसेबसे जमे, दहाव्याच्या पुढे तार दबायचीच नाही, आणि दबली तरी खर्र. आम्ही नव्या तारा लावल्या. खुंट्यांना तेल दिले. मेलिसने तारा टेकतात ती पट्टी कानशीने घासली. मानेच्या आत एक सळई असते, ती फिरवून मान सरळ करतात. ती गंजून बसली होती. बेगायमने पाना लावला तर पाना वाकला. शेवटी ती म्हणाली, “आजी, तुम्ही वाईट वाजवत नाही. ही गिटार वाईट वाजतेय. दुसरी घ्या.” मला वाटले, पोरगी म्हातारीचे मन राखते आहे. शिवाय ही यांची होती. हिला सोडून दुसरी आणायची म्हणजे घरात सवत आणल्यासारखे. दोन वर्षे मी ऐकले नाही. दोन वर्षे मी स्वतःच्या बोटांना शिव्या दिल्या.

कलम ६. दुसरी गिटार. जिपारला घेऊन मी बिश्केकला गेले. दुकानदार तिशीचा होता.

“आजी, नातवासाठी का?”

“नातू नाही मला. माझ्यासाठी.”

“मग मुलाला घेऊन या ना, तो निवडेल.”

“मुलगा टायर निवडतो. गिटार मी निवडते.”

घोडे घेताना दात बघतात, हिला दात नसतात म्हणून मी मान बघितली. डोळ्यासमोर आडवी धरून टोकापासून टोकापर्यंत, गालिच्याची कड बघते तशी. अकरा गिटारी बघितल्या. जिपार लाजून दाराशी गेली, आठवीपासून परत येऊन तीही मान बघू लागली. “आई, ही नको, हिला पोक आहे,” असे म्हणाली. बारावी सायीच्या रंगाची होती, हलकी, कोकरासारखी मांडीवर बसली. दुकानदाराने विजेची तार जोडली, आवाज मोठा करणाऱ्या डब्याचे बटण दाबले. मी बोट ठेवले. दाबले नाही, नुसते ठेवले. आणि ती वाजली!

काय लिहू? सहासष्टाव्या वर्षी माणसाला असे काही होते, हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलेले नव्हते. मी एक वाजवले, दुसरे वाजवले, बाजूचे दोन कॉलेजातले मुलगे हातातल्या गिटारी ठेवून माझ्याकडे वळले. मग हात आपोआप वर गेला, यांच्या त्या लग्नातल्या तुकड्याकडे. मला तो शिकवला कुणी नव्हता, चार वर्षे घरात ऐकून पाठ होता. बारावा पडदा, तेरावा, परत बारावा. पहिल्याच झटक्यात स्वच्छ निघाला. पाण्यासारखा.

जिपार टाळ्या वाजवत होती आणि मी बाकावर बसले. दुकानदाराला वाटले चक्कर आली, त्याने पाणी आणले. मला चक्कर आली नव्हती. मला एवढेच कळले होते, की आमचा माणूस वाईट वाजवत नव्हता. गिटारची मान वाकलेली होती, तेव्हाही. कुणी बघितली नाही. अडतीस वर्षे त्यांनी स्वतःच्या बोटांवर आळ घेतला आणि तो घेऊन मातीत गेले.

त्या दिवसापासून मी रोज चार तास वाजवते. रडूही येते, पण वाजवत असताना येते, थांबावे लागत नाही. परवा शनिवारी सांस्कृतिक भवनात आमचा कार्यक्रम आहे, बेगायम ढोल वाजवणार, मी गिटार. कोणी पोस्टरवर ‘आजींचा कौतुक-कार्यक्रम’ असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले.

माझ्या मागे ही गिटार, तिचा डबा आणि विजेची तार सांस्कृतिक भवनाला द्यावी. अट अशी, की ती उत्तम वाजवणाऱ्याला कधीही देऊ नये. नुकत्याच शिकू लागलेल्याला द्यावी, वय कितीही असो, आणि घरी न्यायला द्यावी. मुरलेला माणूस वाईट वाद्यातूनही काही काढतो. शिकाऊ माणूस दोष स्वतःला देतो. लोक नेमके उलटे करतात, शिकणाऱ्याच्या हाती मोडके देतात आणि म्हणतात, आधी यावर जमू दे. हे बंद करावे.

कलम ७. माझी मयत. घोडा कापू नये. विकत, उसना, भेट म्हणून आलेला, कसलाही नाही. मौलवी दर शुक्रवारी सांगतात की मयतीच्या घरावर जेवणाचा भार टाकू नका, लोक मान हलवतात आणि घोडा कापतात. माझ्या तीन मेंढ्यांपैकी एक, कणकेचे तळलेले बोरसोक आणि भरपूर चहा, एवढे पुरे. हा माझा निर्णय आहे. जिपारने मला अडवले होते, दोनदा. तिला बोल लावणारा माझा शब्द मोडतो आहे, असे समजावे.

कलम ८. पहिली गिटार थोरले दीर अब्दिलास मुकाशेव यांना. टोमण्याचा सूड म्हणून नव्हे. सूड घ्यायचा तर हसणाऱ्यांत माझाही नंबर लागतो. त्यांनी सही करण्याआधी एकच करावे. गिटार पलंगावर ठेवली आहे. सगळ्यांत बारीक तार बाराव्या पडद्यावर, जिथे दोन ठिपके आहेत तिथे, स्वतःच्या बोटाने दाबून छेडावी. मग सही करावी, किंवा करू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे. सोमवारी नोटरीकडे नेणार.

उमसुनाय मुकाशेवा (सही)
कोचकोर, गुरुवार, १२ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार पहिली: बेगायम सातारोवा, सांस्कृतिक भवन. मला या कागदातून एक पुस्तक मिळते आहे, नोटरीला चालत नसेल तर पुस्तक नको, सही राहू द्या. (सही)

साक्षीदार दुसरा, स्वतःच्या अक्षरात:

मी अब्दिलास मुकाशेव, वय शहात्तर. कागद पूर्ण वाचला. घोड्याचे कलम मान्य, जिपारला कोणी काही बोलले तर त्याने आधी माझ्याकडे यावे. मी आधी गेलो तर माझ्या मागे मात्र घोडा कापायचा, तो मी पाळला आहे. तार सांगितली तिथे दाबली. मग अंगठ्याने दाबली. मग मेलिसला दाबायला लावली, तो ट्रकची चाके बदलतो, त्यालाही दबली नाही. धाकट्या भावाचा दोष नव्हता.

(सही)