ठोसरला एकत्वाचा धडा

२ नोव्हेंबर १९८६
ठरलं. ठोसरचा सूड घ्यायचा. मागच्या वर्षी दिल्लीत, करोल बागेतल्या आपल्या मराठी मंडळात हा गुणवंत ठोसर अद्वैतावर बोलला. मी शंका विचारली, तर माईकवरून म्हणाला की तुमची शंका हीच माया आहे, खाली बसा. अख्खा हॉल हसला. लतिका सगळ्यात आधी. स्वतःची बायको! आता त्याच व्यासपीठावरून त्याला लोळवतो. यंदाच्या व्याख्यानमालेत नाव दिलं. विषय : इस्लामी विचारातला ईश्वर. ठोसरला यातलं ओ की ठो कळत नाही. मलाही नाही, पण माझ्याकडे महिना आहे.

९ नोव्हेंबर
आमच्या ऑफिसातले डेप्युटी सेक्रेटरी मुजावरसाहेब मूळचे मिरजेचे, घरात फारसीचा अभ्यास चालत आलेला. त्यांनी चहाला बोलावलं. म्हणाले, सूफींतला एक मोठा पक्ष मानतो की खरं अस्तित्व एकट्या ईश्वराचं, बाकी सगळं त्याचं प्रकटणं. नाव वहदतुल वुजूद. मी म्हटलं, अरे, हे तर बिल्कुल आपलं अद्वैत! साहेबांनी कप खाली ठेवला. इतक्या घाईने सोयरीक जुळवू नका म्हणाले. साहेब फार बारकावे काढतात. नोकरीचा परिणाम.

१६ नोव्हेंबर
आज दुसरा पक्ष. वहदतुश शुहूद. एकत्व दिसतं ते बघणाऱ्याच्या अनुभवात. निर्माता निराळा, आपण निराळे. सूर्य उगवला की तारे दिसत नाहीत, म्हणून तारे नसतात असं नाही. मी विचारलं, ठोसरला चीत करायला कोणता बरा? साहेब म्हणाले, कोणताही घ्या, आधी मीपणा सोडावा लागतो.
सोडू. व्याख्यानानंतर.
वुजूद पक्का. शुहूद पाठ करायला टाइम नाही.

२३ नोव्हेंबर
साहेबांकडे गेलो नाही. तयारी फार झाली तरी बोलण्यातला जोर जातो. करोल बागेतून नवा कोट आणला. आरशासमोर प्रॅक्टिस. शेवटी हात वर करून ‘दुसरा कोणी नाहीच!’ आणि नजर थेट ठोसरकडे. मंडळाचे सेक्रेटरी विनायकराव, त्यांना सांगून ठोसरसाठी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची राखून ठेवली. पडताना नीट दिसला पाहिजे. लतिका स्वयंपाकघरातून म्हणाली, ते ठोसर काय सुंदर बोलतात नाही? उत्तर ६ डिसेंबरला, व्याख्यानातून देईन.

७ डिसेंबर, सकाळी
लिहायची इच्छा नाही, पण शिस्त म्हणजे शिस्त.
काल व्याख्यान रंगलं. हे आधी नमूद करतो. अस्तित्व एकच, दुसरा कोणी नाहीच, म्हणून हात वर केला. टाळ्या! मग प्रश्न. ठोसर उठला. हात जोडून, अगदी नम्रपणे म्हणाला, म्हणजे बळवंतराव, तुम्ही आणि मी एकच का? माझ्या तोंडून निघून गेलं की मुळीच नाही, शक्यच नाही, काय लायकी आहे तुमची! तेही माईकवर.
हॉल इतका हसला की आभार राहूनच गेले. लतिकाने पदरात तोंड लपवलं. मुजावरसाहेब जाताना म्हणाले, पुढच्या रविवारी या, शुहूद राहिलंय.
चूक माईकची. उगाच चालू होता.

१४ डिसेंबर
साहेबांकडे पोचलो तर माझ्या खुर्चीत ठोसर! माझ्या व्याख्यानाने गोडी लागली म्हणे, म्हणून साहेबांकडे शिकायला आलेला. मला राहवलं नाही. साहेबांदेखत सांगून टाकलं की मागच्या वर्षी तू मला भर सभेत खाली बसवलंस, हे सगळं त्याचा सूड म्हणून होतं.
ठोसर गोंधळला. विचारू लागला, मागच्या वर्षी तुम्ही आला होतात? ते ‘शंका हीच माया’ वाक्य तो प्रत्येक व्याख्यानात कोणा ना कोणाला म्हणतो. गाझियाबादला म्हणाला, फरीदाबादलाही म्हणाला. माणसं लक्षात राहत नाहीत. त्याने खरोखर हात जोडले, माफी मागितली. त्याला वाटत होतं, आमची पहिली भेट ६ तारखेच्या व्याख्यानातली.
वर्षभर अन्न गोड लागलं नाही माझं. आणि या वैरात मी एकटाच होतो.
साहेबांनी शुहूद समजावून सांगितलं. ठोसर उतरवून घेत होता. माझ्या कानात काही शिरलं नाही.
लतिकाला यातलं काही सांगणार नाही. ती पुन्हा हसेल.