काट्याला थंडी वाजते

इग्लूलिक, मार्चअखेर

प्रिय आईस,

तुझे लोकरी मोजे पोचले. दोन जोड एकावर एक घालतो, तेव्हा माझ्या पायांची काळजी सोड. तुझा गुडघा कसा आहे?

शनिवारी स्काउटची नऊ पोरं घेऊन गोठलेल्या समुद्रावर गेलो होतो. परतताना वारा सुटला, बर्फ उडू लागला आणि गाव दिसेनासं झालं. थोडा वेळच. मी ऐटीत होकायंत्र काढलं, तर काटा कुठे ठरेचना. इतक्या उत्तरेला तो असाच भरकटतो, हे तीन हिवाळे काढूनही विसरलो होतो.

दहा वर्षांची आकित्तिक म्हणाली, "डेस, तुझ्या काट्याला थंडी वाजतेय. खाली बघ की!" वायव्येच्या वाऱ्याने घडवलेल्या, कायम एकाच दिशेला असणाऱ्या बर्फाच्या टणक वळ्या ती पायाने चाचपत निघाली आणि आम्ही मुकाट मागे. चहाला जरा उशीर झाला, इतकंच.

दिशा ओळखता येण्याबद्दल मिळणारा स्काउटचा बिल्ला माझ्याकडे एकच होता, तू माझ्या बाहीवर शिवलेला. तो तिला दिला. रागावू नकोस. तुझे टाके उसवायला फार वेळ लागला, हात सारखे थरथरत होते.

थंडीनेच, आई.

तुझा,
डेस