जोडीने पळून जाण्याबाबत

तीर्थरूप मामांच्या चरणी,

दोन्ही गुडघे आधीच टेकलेले असताना नमस्कार. तुमची कंबर, मामींची दाढ आणि पाय मारला की किंचाळणारं तुमचं शिलाई मशीन, तिघांचीही तब्येत बरी असेल अशी आशा आहे. मी ठीक आहे. निघायच्या आधी नक्की देतो म्हणून तुम्ही सांगितलेल्या दोन काळ्या पँटी गेल्या आठवड्यात पोस्टाने पोचल्या. मला घर सोडून सोळा महिने झाले, म्हणजे तुमच्या मानाने वेळेवरच. माप अगदी चोख आहे, फक्त ते सोळा महिन्यांपूर्वीच्या माणसाचं आहे, त्यामुळे पट्ट्याला एक भोक वाढवलं. (तक्रार नाही. त्यातल्या एका पँटीचं पुढे काय झालं ते ओघात येईलच, तोवर कात्री खाली ठेवून वाचा.)

प्रयोगशाळेतल्या सरांशी शब्दाला शब्द लागून मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं आणि मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी म्हणून दोन वर्षांसाठी निघालो, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "भाच्या, हे वेड धर्माचं नाही, पियानोचं आहे." मी रागाने तुमची मापाची टेप भिरकावली होती. आता कबूल करतो, तुमचं खरं होतं. आमच्या प्रार्थनागृहात पियानो वाजवणारी ती एकदा सगळ्यांसमोर सहज म्हणाली होती, की दोन वर्षं स्वतःचं सोडून दुसऱ्यांसाठी राबून आलेला मुलगा मला आवडेल. ती म्हणाली सर्वसाधारण. मी घेतलं वैयक्तिक. सहा आठवड्यांत माझा अर्ज गेलासुद्धा.

इथला दिवस सांगतो, म्हणजे माझ्या शूरपणाची कल्पना येईल. साडेसहाला उठायचं. (मी! ज्याला उठवायला आई चादर ओढायची आणि बाबा पंखा बंद करायचे.) व्यायाम, अंघोळ, प्रार्थना, दोन तास वाचन, मग पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळा बिल्ला. बिल्ल्यावर 'एल्डर' लिहिलेलं असतं, म्हणजे वडीलधारा; आणि तुम्ही तर मला अजून काजं करायलाही देत नाही. मग दिवसभर दारं वाजवायची. दहांतली सात उघडत नाहीत, दोन उघडून लगेच मिटतात, आणि एक उघडून म्हणतं, "या, चहा घ्या." आम्हाला चहा चालत नाही, कॉफीही नाही. मामा, उपाशीपोटी चार जिने चढून आल्यावर समोर आलं घातलेल्या चहाची वाफ येत असते आणि आपण हसत हसत "पाणी चालेल" म्हणायचं, याला मी तरी तपश्चर्याच म्हणतो.

पण सगळ्यांत मोठा नियम वेगळाच आहे. मिशनरी कधीही एकटा राहायचा नाही. जोडीदार नेहमी नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. माझा जोडीदार बेकरीवाल्याचा मुलगा. वयाने माझ्याएवढाच, अंगाने माझ्या दीडपट, बोलतो माझ्या दहाव्या हिश्शाने. त्याला सगळे नियम पाठ, म्हणून मी मनातल्या मनात त्याला नियमबुवा म्हणतो. (मनातल्या मनात म्हणतो असं मला वाटत होतं. परवा तो शांतपणे म्हणाला, "नियमबुवाला साबण दे.") हा इकडे निघाला तेव्हा वडिलांनी भट्टीसमोर उभं राहून बजावलं, की अर्ध्यातून परत आलास तर माझं बरोबर ठरेल, आणि पुरा करून आलास तर बघू. त्या दिवसापासून ते त्याच्याशी बोललेले नाहीत. हा दर सोमवारी त्यांना पत्र लिहितो. उत्तर नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा लिहितो, आणि तेही तक्रार नाही, टोमणा नाही, इथल्या पावाला भोकं फार असतात वगैरे. मी असतो तर तिसऱ्या पत्रात भांडण काढलं असतं.

तुम्ही नेहमी म्हणता ना, माणूस ओळखायचा तर त्याची पँट कुठे झिजलीय ते बघावं? तर नियमबुवाची गुडघ्यांवर झिजलीय. पलंगाशेजारच्या फरशीवर सकाळ-संध्याकाळ टेकून. माझी, बसून बसून जिथे झिजते, तिथे झिजलीय.

आता मूळ प्रकरण. मागच्या सोमवारी (सोमवारी आम्हाला कपडे धुवायला आणि घरच्यांशी बोलायला मोकळीक असते) ताईने कळवलं, की पियानोवालीला चष्म्याच्या दुकानवाल्याचं स्थळ आलंय. मुलगा सभ्य आहे, स्वतःचं दुकान आहे, बोलणी चालू आहेत. मामा, माझ्या डोक्यात जी आग पेटली ती तुम्ही पाहिली आहे, तेव्हा वर्णन करत नाही. बादलीतले शर्ट तसेच ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बॅग भरून, बूट हातात घेऊन, दबक्या पावलांनी बाहेर पडलो. बस स्टँडवर पोचलो, सव्वासहाच्या गाडीत खिडकीपाशी बसलो आणि सुटलो एकदाचा असं म्हणतोय तोच शेजारी कुणीतरी बसलं. नियमबुवा. दाढी केलेला, टाय लावलेला, मांडीवर स्वतःची बॅग.

मी म्हटलं, "मला अडवायला आलास?"

"नाही."

"मग?"

"एकटं राहायचं नाही असा नियम आहे. कुठल्या दिशेला ते त्यात लिहिलेलं नाही."

मी त्याला उतर म्हणून विनवलं, मग ओरडलो, मग ज्या शब्दांसाठी मला सरांनी प्रयोगशाळेतून बाहेर काढलं होतं तेही वापरले. तो ढिम्म. कंडक्टर म्हणाला, "भाऊभाऊ दिसताय, घरी जाऊन भांडा." गाडी सुटली. मामा, मला कळत होतं की मी घरी जातोय म्हणजे हाही मिशन अर्ध्यात सोडून आपल्या घरी जाणार, त्या भट्टीसमोर उभा राहणार आणि बापाचं बरोबर ठरणार. त्यालाही कळत होतं. तरी त्याने बापाचं नावसुद्धा काढलं नाही. काढलं असतं तर मी भांडलो असतो आणि खुशाल घरी पोचलो असतो. तासाभराने तो एवढंच म्हणाला, "अकराला त्या नर्सबाईंचं कपाट उतरवायचं कबूल केलंय. आपण येत नाही म्हणून त्यांना फोन करू का तू करतोस?"

या निवृत्त नर्सबाई आमच्या गल्लीच्या टोकाला दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. गुडघे गेले म्हणून तळमजल्यावरची खोली घेतलेली. दोनदा आम्ही धर्माचं बोलायला गेलो तर म्हणाल्या, "देवाचं मागाहून, पोरांनो, आधी कपाट." मी फोन हातात घेतला, नंबर लावला, त्या पलीकडून म्हणाल्या, "येताय ना रे? मी सगळं रिकामं करून बसलेय." म्हटलं, येतोय. पुढच्या थांब्यावर मी उतरलो आणि माझ्यामागे, नियमानुसार, तोही उतरला. परतीची बस दुपारीच होती, म्हणून दुधाच्या रिकाम्या टेम्पोत, कॅनांच्या मधोमध, दोन टाय, दोन बॅगा असे आम्ही परत आलो.

कपाट शिसवी होतं. वर नियमबुवा, खाली मी. पहिल्या वळणावर ते जे अडकलं ते ना वर जाईना ना खाली. त्याच क्षणी तुमची नवी पँट मागून, मधोमध, मोठ्या आवाजात फाटली. खाली थांबलेल्या नर्सबाई मदतीला माणसं बोलवायला बाहेर गेल्या आणि दहा मिनिटं ते कपाट छातीवर घेऊन मी उभा होतो. कुठे जाता येत नव्हतं, म्हणून पहिल्यांदा खरं विचारलं: "मी गेलोच असतो तर तू खरंच घरी आला असतास?" वरून, कपाटाआडून, आवाज आला, "हो." "आणि वडील?" मग म्हणाला, "वाईट वाटलं असतं. पण तू एकटा गेला असतास तर जास्त वाटलं असतं."

मामा, तिथे मी प्रार्थना केली. सोळा महिने रोज करतोय, पण ती पियानोवालीसाठी. ही पहिली, ज्यात मी स्वतःसाठी काही मागितलं नाही. या माणसाच्या बापाचं एक पत्र येऊ दे एवढंच म्हटलं. आकाशवाणी वगैरे झाली नाही. कपाटही हललं नाही. (ते पाच जणांनी हलवलं.) पण डोक्यातली आग विझलेली होती, आणि ती मी विझवलेली नव्हती एवढं मला नक्की माहीत आहे. याला श्रद्धा म्हणतात का ते तुम्ही सांगा. मी अजून शिकाऊच आहे.

नंतर बाईंनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि पँट शिवली. म्हणाल्या, "आयुष्यभर टाकेच घातलेत." टाके सुरेख आहेत, पण वैद्यकीय आहेत, दहा दिवसांनी काढावे लागतील असं वाटतं. संध्याकाळी आम्ही मिशनच्या प्रमुखांना फोन करून सगळं खरं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दोघं एकत्र होतात ना?" म्हटलं, हो. "मग एक नियम तरी पाळलात. बाकीच्यांचं उद्या बोलू."

तेव्हा मी पूर्ण दोन वर्षं करूनच येणार. अजून आठ महिने. मामींना नमस्कार, मशीनला तेल.

तुमचा तापट पण निवत चाललेला,
भाचा

ता. क. आईला बसचं सांगू नका. कपाटाचं सांगा.

ता. क. दुसरा. आपल्या भागात लग्नाचा सूट शिवणारे तुम्ही एकटेच. चष्मेवाला मापं द्यायला तुमच्याकडेच येणार. तेव्हा खांद्यात दोन बोटं आवळ ठेवाल का? हात वर करताच उसवेल इतपतच.

ता. क. तिसरा. वरचा ता. क. नियमबुवाने वाचला (एकाच टेबलावर बसतो, उपाय नाही). तो म्हणतो हे पाप आहे. खरंच आहे. खोडायला गेलो तर शाई फुटली, म्हणून इथेच रद्द करतो. तिला चष्मेवाला मनापासून आवडला असेल तर त्याला उत्तम सूट द्या, माप चोख घ्या, कापड चांगलं लावा, त्याच्याशी एक शब्दही खोटं बोलू नका. आवडला नसेल तर आठ महिन्यांनी मला तोंडावर हो किंवा नाही सांगायची संधी तिला मिळावी, बस. म्हणून मामा, तुमच्या पाया पडून एकच मागणं: सूट शिवताना मुद्दाम काहीही करू नका. फक्त माझ्या पँटींच्या वेळी वागलात तसे, नेहमीसारखेच वागा.