महादूने शिवलेली पुस्तकं

मे १९६१

प्रिय प्रेमलता,

सुट्टीला गावी गेलीस तिथून पाठवलेलं तुझं कार्ड पोचलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी मुलांची पुस्तकं हातात घेऊन बघितली, तुला शाबासकी दिली, हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. पण खाली तू लिहिलंस की गोष्टीतली नावं बदलली होती, तेव्हा मी मनाला लावून घेऊ नये. त्या ओळीपाशी मी अशी अडकले की चुलीवरचा भात करपला. नावं बदलून काय होतं, प्रेमलता? या किनाऱ्यावर असं एकच घर आहे, जिथून दोन भाऊ होडीत बसून गेले आणि एक परत आला.

राग लिहायचा तर आधी चांगलं लिहावं, म्हणजे मीही खरी राहीन. तू शाळेची बाई म्हणून आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा मी दुकानातल्या पुड्यांचे कागद वाचत होते. त्यावरूनच वाचायला शिकले. तेलकट कागद, अर्धी बातमी, पुढचं काय झालं ते दुसऱ्याच्या घरी गेलेलं. तू मला पहिल्यांदा अख्खी पुस्तकं दिलीस, ज्यांना शेवट होता. दुपारी खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालताना मी वाचलेलं तुला सांगायचे आणि तू हसायचीस, 'सत्यवती, तू तर मूळ गोष्टीत मीठ घालतेस.' माझा माणूस, गुणाजी, गेल्यावर माझ्याशी कोणी असं हसून बोललं नव्हतं.

पिंगुळीला जाऊन चित्रकथी बघून आलीस आणि तुझ्या डोक्यात ते पुस्तकांचं आलं. एकेक चित्र पुढे धरून तो माणूस गोष्ट सांगतो, तशी आपली मुलं स्वतःचं पुस्तक करतील, म्हणालीस. आमची हिरा तुझ्या वर्गातून घरी येऊन सगळं म्हणून दाखवायची. गोष्टीत माणसं हवीत, ती कुठे राहतात ते हवं, त्यांच्यापुढे एक अडचण हवी, मग वळण, मग शेवट. अडचण नसेल तर ती गोष्ट नाही, नुसती हकिगत. मी मासे साफ करत ऐकायचे आणि मलाही ते पटायचं. खोक्यांचे पुठ्ठे मी कापले. तांदळाची खळ करून दिली. आणि शिवायला तू महादूला सांगितलंस. माझा दीर तो, शाळेची पायरी न चढलेला. जाळ्याचा दोरा आणि दाभण घेऊन ओट्यावर बसला आणि वर्गातली झाडून सगळी पुस्तकं त्याने शिवली. मुलांना म्हणायचा, "माका वाचूक येणा नाय, पण माझी शिवण सुटाची नाय." पानांवर काय लिहिलंय ते त्याला कळत नव्हतं. तुला कळत होतं.

शाळेत मांडलेली पुस्तकं बघायला आम्ही सगळ्या बायका गेलो. सुगंधा चित्रंच बघत होती. नर्मदा म्हणाली, "ह्येच्यापेक्षा माझो सुको बांगडो बरो, निदान जेवताना तोंडाक तरी लागता." सगळ्या हसल्या. मग तीच म्हणाली, "सत्यवती, वाच गो, आमका खंय वाचूक येता!" आणि मी वाचायला लागले, मोठ्याने, चांगली ठसक्यात. दोन भाऊ होते. एकदा ते होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी गेले. लाट आली, होडी उलटली. धाकटा उलट्या होडीवर चढला. थोरला पाण्यात होता. दोघांच्या मध्ये एक दोर होता. धाकट्याने तो धरून ठेवावा की सोडावा?

पहिल्या पुस्तकात मला कळलंच नाही. आपलंच दुःख दुसऱ्याच्या अक्षरात आलं की ते आधी परकं वाटतं. दुसऱ्या पुस्तकातही तेच दोन भाऊ, तोच दोर. तेव्हा मी ओळखलं. तू सुरुवात आणि अडचण सगळ्यांना एकच दिली होतीस, शेवट ज्याने त्याने शोधायचा होता. एका पोराने थोरल्याला देवमाशाच्या पाठीवर बसवून घरी आणलं होतं. एकीने दोघांना घरी आणून आंबोळ्या वाढल्या होत्या. ते वाचून मला रडू आलं, आणि बायकांना वाटलं गुणाजीच्या आठवणीने आलं. तिथवर निभावलं असतं. गावाला ठाऊक होतं की दोर तुटला.

मग नर्मदेने हिराचं पुस्तक माझ्या हातात दिलं. आपल्या लेकीचं नको वाचू असं कोण आई म्हणेल? बाकी सगळ्यांच्या पुस्तकात धाकटा भाऊ होता. हिराच्या पुस्तकात 'काका' होता. आणि लिहिलं होतं, काकाने दोर सोडला. माझा आवाज पुढे गेला आणि मग मी थांबले. वर बघितलं तर महादू दारात उभा होता, आपली शिवण बघायला आलेला.

प्रेमलता, गुणाजीचं वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी महादू माझ्यापुढे बसून बोलला होता, "दोर तुटलो नाय, वयनी. मी सोडलंय. ओढ इतकी होती, मीय गेलो असतंय." ते मी गिळलं. कसं गिळलं ते माझं मला ठाऊक. हिरा तेव्हा रांगत होती. ती त्याच्याच खांद्यावर वाढली. त्याने लग्न केलं नाही. मी ते तुला एकटीला सांगितलं, कारण एवढं ओझं घेऊन मी दमले होते, आणि तू माझा हात धरून म्हणालीस की हे तुझ्या-माझ्यात राहील. तूही मला तुझं एक सांगितलं होतंस. ते मी या पत्रातसुद्धा लिहीत नाही, बघ.

मुलांना चांगली अडचण मिळावी म्हणून तू माझी दिलीस. तू वाईट नाहीस, हेच मला जड जातं. वाईट असतीस तर मी तुला विसरले असते.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर हिराने विचारलंच, "काका, तू दोर कित्याक सोडलंस?" पोरीच्या मनात खोट नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. महादूने हात धुतला, ताट तसंच राहिलं. आता तो आरोंद्याला कुणाच्या तरी होडीवर आहे. मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर सुकी मासळी पाठवतो, निरोप पाठवत नाही. आणि हिरा मला विचारते, "आये, तुका ठावक होता?" मी चुलीकडे वळते. तिला वाटतं तिने लिहिलं म्हणून काका गेला. पेन्सिल हातात घेत नाही. तिने फक्त शेवट लिहिला, प्रेमलता. गोष्ट तू दिलीस.

मी एवढं लिहिलं ते भांडायला नाही. शाळा उघडायच्या आधी तू एकदा सकाळच्या मोटारीने ये. नर्मदेलाही बोलावीन, म्हणजे ते गावभर जाईल. हिराला समोर बसवून सांग की दोर सोडल्याचं तू मनाने रचलंस, गोष्टीला अडचण हवी म्हणून. खरा दोर तुटलाच होता, असं सांग. ते खोटं आहे हे तुला, मला आणि महादूलाच ठाऊक असेल. मी सांगून चालणार नाही, माझं तोंड तिला वाचता येतं. तू तिची बाई आहेस, तुझं ती खरं मानेल आणि स्वतः आरोंद्याला जाऊन काकाला घेऊन येईल. मी तुला जेवायला वाढीन. संध्याकाळच्या मोटारीने तू परत जा, राहू नकोस. पुढच्या साली दुसरीकडे बिऱ्हाड बघ. एवढंच कर, हिरा तुझ्या डोळ्यांत बघून विचारील, "बाई, खरा?" तेव्हा नजर खाली घालू नकोस.

एके काळी तुझीच,
सत्यवती