सारख्या मापाची करवंटी

बाबा,

तुम्ही दारू पीत होतात. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे बापाची बाजू घेऊन खोटं बोलतेय असं कुणी म्हणायला नको. चिरेखाणीवरचं काम सुटलं की संध्याकाळी तुम्ही, काका आणि बाकीचे गडी तिथेच बसायचात. आधी त्या जागेच्या राखणदार देवाच्या नावाने थोडी जमिनीवर, मग एकाच करवंटीने सगळ्यांना सारखं माप. ओतणारे तुम्हीच, कारण तुमच्या हातून कुणाला कमी-जास्त जात नाही, असं काकाच म्हणायचे.

आणि अठ्ठ्याण्णव साली तुमचं पोट पाण्याने फुगलं, डोळे पिवळे झाले, तेव्हा हेच काका आपल्या पडवीत बसून म्हणाले, माप सगळ्यांचं सारखं, मग हा एकटाच कसा पडला? चोरून पीत असणार. सगळ्या वाडीला ते पटलं. आईलाही. ती गवताची उडवी उपसतेय, गोठ्यातले कोपरे चाचपतेय, बाटली काही सापडत नाही, आणि न सापडल्याचा रागही ती तुमच्यावरच काढतेय. तुम्ही भिंतीला टेकून एकदाच म्हणालात, "करवंटीभायेर थेंब घेतला नाय मी." कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाराव्याच्या जेवणातही तुमच्या चोरट्या बाटल्यांच्याच गोष्टी. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

या वर्षी धाकट्या भावाला रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. तोही खाणीवर बसायला लागला होता. डॉक्टरांनी वडिलांचं विचारलं, मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, काहींच्या अंगात जन्मापासूनच असा फरक असतो, की जेवढी दारू पिऊन दुसरा धडधाकट राहतो तेवढ्यानेच यांचं लिव्हर जातं. आणि हा फरक घराण्यात उतरतो. तुमचं तसंच होतं हे आता कुणी सिद्ध करू शकणार नाही, पण त्यासाठी चोरून प्यायलाच हवं असं मुळीच नाही. म्हणजे माप सारखं होतं बाबा, माणसं सारखी नव्हती. एवढी साधी शंका वाडीत एकालाही येऊ नये? करवंटीवर विश्वास ठेवला आणि ती भरून देणाऱ्याला चोर ठरवलं. धाकट्याने मात्र त्या दिवसापासून खाणीवर बसणं बंद केलं आहे.

मी तरातरा घरी आले आणि आईला सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला सारलं. म्हणाली, "माझं ऐकलानी नाय म्हणून गेले, ह्या रागावर मी इतकी वर्षं काढली. ते खरं बोलत होते, तर आता मी काय करू?"

काकांच्या दारात जाऊन भांडायचं ठरवलं होतं. गेले नाही. हे पत्रही कुठे जायचं नाही. पण एक तुम्हाला सांगायलाच हवं. तुमच्यावरचा डाग पुसायला आलेली मी आईचा हात धरून म्हणाले, डॉक्टरांचंही चुकत असेल गं.