पाण्याला दिलेला झोका

ती. तात्या,

तुम्हाला जाऊन पाऊण वर्ष होत आलं. एवढे दिवस लिहायचं टाळलं. पण आज दुपारी कालव्यावर काठच्या वस्तीतल्या भीमाकाकूंनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, "तुझ्या चुलत्यानं घालवलं हुतं, ते तू राखलंस." घरी आलो तो सरळ वही घेऊन बसलो.

कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी म्हणून तुमच्या हाताखाली आलो, त्या पहिल्या दिवशी तुम्ही मला गेट दाखवलंच नाही. बेलापूरच्या अलीकडे कालवा उताराला लागतो, तिथं नेऊन उभं केलंत. वरून पाणी अगदी एकसारखं सुटलेलं, पण उतारावर येताच ते आपोआप लाटांत तुटत होतं. एकामागून एक, मेंढरं निघाल्यासारख्या लाटा. "वारा न्हाई, कुनी ढकलत न्हाई, मग उठवतंय कोन?" मी विचारलं. तुम्ही टोपी काढून पाण्याला हात जोडलेत. "ते कळलं असतं तर मी पाटकरी कशाला झालो असतो?"

नंतर गेटचं चाक हातात दिलंत. तुम्ही दोन वेढे फिरवायचा आणि माळ घेऊन जपाला बसायचा. कधी अर्धी माळ, कधी दोन. मग पुढचे वेढे. मला वाटायचं, जपात म्हातारा विसरतो. किती हसलो असेन मनात!

आणि मग तो दिवस. तुम्ही भाकरी खायला चिंचेखाली गेला होता. मोजपट्टीवर पाणी चढलं, मी गेट उचललं. उतरलं, मी खाली केलं. पुन्हा चढलं, आधीपेक्षा जास्त. मी घामाघूम होऊन पाण्यामागं धावत होतो. पण मी चाक फिरवीपर्यंत पाणी उतरायला लागलेलं असायचं आणि गेट मात्र उघडं. मी बंद करीपर्यंत पुढची लाट दारात. अख्खा कालवा वरच्या गेटपासून खालच्या गेटपर्यंत परातीतल्या पाण्यासारखा हिंदकळू लागला. तुम्ही धावत आलात, मला बखोटीला धरून बाजूला केलंत. "पान्याला झोका देतोय व्हय रं?" तोवर एक लाट भरावावरून पलीकडे गेली होती आणि भीमाकाकूंच्या कांदाचाळीत साठवलेला सगळा कांदा भिजला होता.

पाटबंधारे खात्याचे साहेब आले, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "हात माझा हुता." मी शेजारी उभा होतो, तात्या. माझी नोकरी नवी, लग्न ठरलेलं. गप्प बसलो. तुम्हाला गेटवरून काढून शेतांत पाणी नेणाऱ्या चारीवर गाळ काढायला पाठवलं, तरी गप्प बसलो. काकू तुमच्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. तुमच्या दहाव्यालाही आल्या नाहीत.

तुम्ही मला कधी टोचून बोलला नाहीत. कधी कधी वाटतं, एकदा तरी बोलायचं होतं. माझी सुटका झाली असती.

आज वरच्या गेटवरून पाणी एकदम सुटलं. लाट आली, माझ्या गेटवर आपटली, माघारी गेली, पुन्हा आली. काठाला चार बोटं उरलेली. भरावावर माणसं जमली. "सोपानराव, उचला की गेट! वस्तीत शिरंल!" काकूंचा मुलगा तर चाकालाच हात घालायला आला. मी चाकावर दोन्ही हात ठेवले आणि फिरवलं नाही. त्या दिवशी पाण्यामागं धावलो होतो, तेच आठवत होतं.

पुढची लाट आली, सहा बोटं राहिली. त्याच्या पुढची, वीतभर. मग नुसती शहारल्यासारखी एक रेघ, आणि पाणी आरशागत. एवढी ताकद आली कुठून आणि गेली कुठं? माझ्या अंगावर काटा उभा राहिला.

तेव्हा तुमची माळ कळली. पाण्याला जायला-यायला स्वतःचा एक वेळ आहे. त्याच ठेक्यात आपला हात पडला की ते माजतं. म्हणून तुम्ही कधी अर्धी माळ थांबायचा, कधी दोन. पाण्याला तुमचा ठेका लागूच द्यायचा नाही. हे कुठं शिकलात? की जपताजपता देवानंच कानात सांगितलं?

मी हात जोडून उभा होतो आणि तेवढ्यात काकू आल्या, ते वाक्य बोलल्या. मी "व्हय काकू" म्हणालो. तात्या, तेव्हा गप्प बसलो, आज व्हय म्हणालो.

उद्या सकाळी आंघोळ, पूजा उरकून मी काकूंच्या ओट्यावर जाणार आहे. त्यांचा मुलगा, सुना सगळे घरी असतील, तेव्हाच जाणार. कांदा कुणाच्या हातानं भिजला, ते माझ्या तोंडानं सांगणार. त्या शिव्या देतील, दार लावून घेतील. लावू देत. चहा पुढं आला तर आधी सांगीन, मग कप हातात घेईन.

तुमचा पुतण्या,
सोपान