दोन टेबलांमधली वीत

नॉयएंडे वसाहत, बोलिव्हिया
९ जुलै

प्रिय डीर्क,

तुला, हेलेनाला आणि चि. लीझबेतला आशीर्वाद. इथे दक्षिणेचा गार वारा सुटलाय, गाईंचं दूध कमी झालंय.

प्रथम एक गंभीर तक्रार. माझ्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. सुपाची वाटी ठेवली की ते पूर्वाभिमुख होऊन वंदन करतं आणि शेवया माझ्या मांडीवर विसर्जित होतात. पेटर सुताराला म्हटलं, "पाचर तरी मार." तो दारातूनच म्हणाला, "इसब्रांडकाका, बहिष्कृताकडून मोबदला घेता येत नाही, आणि फुकट मी काम करत नाही." युक्तिवाद निर्दोष होता.

'मेनोनाइट म्हणजे कोण' हे शाळेत लीझबेतला विचारलं, तिनं तुला, आणि वसाहत सोडून कॅनडात गेलेल्या तुझ्यासारख्या विद्वानानं मला! तर घे लिहून, पोरी. पाचशे वर्षांपूर्वी फ्रीसलंडात आपले पूर्वज म्हणाले, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देऊ नये. जाणत्या वयात जो स्वतः हो म्हणेल, त्यालाच द्यावा. हे जलप्रेम पाहून राज्यकर्त्यांनी कित्येकांना नदीतच बुडवलं. उरलेल्यांचे वंशज प्रशिया, रशिया, कॅनडा, मेक्सिको करत इथवर आले. राजानं हाती तलवार दिली की आपण नांगर उचलून निघायचं. आपण शपथ घेत नाही, कारण आपलं हो म्हणजे हो. आणि जो नियम मोडेल त्याच्या पंक्तीला बसत नाही, त्याच्या हातचं घेत नाही. तो पस्तावून परत यावा म्हणून. हे शेवटचं कलम मी सोदाहरण शिकवू शकतो.

डीर्क, पुढचं पोरीला वाचून दाखवू नकोस.

पावसाळ्यात तुझ्या आगाथावहिनीच्या पोटात कळ उठली. चिखलात भाड्याची गाडी येईना. आपल्या ट्रॅक्टरची लोखंडी चाकं डांबरी रस्त्यावर चालत नाहीत, आणि रबरी चाकं चर्चच्या मंडळीला चालत नाहीत. मी पलीकडच्या बोलिव्हियन शेतकऱ्याची रबरी चाकं आणून चढवली, तिला शहरात नेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं, आणि तसंच शिवून टाकलं.

थोरले पाळक वॉल घरी आले. माणूस वाईट नाही, डोळे भरले होते त्यांचे. "इसब्रांड, मंडळीपुढे उभा राहा, पश्चात्ताप झाला म्हण. त्याच दिवशी बायकोबरोबर जेव."

"झालेला नाही."

"अरे, झाल्यासारखं तरी..." ते स्वतःच थांबले. टोपी उचलून गेले.

आगाथाला विचारलं, "म्हणून टाकू का?"

"तुम्हाला खोटं धड बोलता तरी येतं का?" ती हसली. मग म्हणाली, "मला कळेलच ना. मग मी कुणाच्या हातचं खाऊ?"

माझं टेबल तिनंच घरच्या टेबलापासून वीतभर सरकवून वेगळं मांडलं होतं, आणि पाहुण्यांना ती वीत दिसू नये म्हणून दोन्हींवर एकच पांढरं कापड पसरलं होतं. आता ती टेबलापर्यंत येत नाही. मुलगी, ट्रिंका, तिला चमच्यानं भरवते. परवा मी चमचा पुढे केला. तिनं ओठ मिटले, आणि माझ्या मनगटावर हात ठेवून बराच वेळ तसाच ठेवला.

टेबलाचं काही नाही रे. ट्रिंका धार काढायला गेली असेल, घरात माझ्याशिवाय कुणी नसेल, आणि तेव्हाच आगाथा शेवटचं पाणी मागेल. मला तेवढीच भीती वाटते.

अजूनही हो म्हणू न शकलेला
तुझा भाऊ,
इसब्रांड